अडीच किलोच्या ट्रेनरला ४६ टू-स्ट्रोक लावू की ७० फोर-स्ट्रोक?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही चिंचवडला राहता, फोमच्या इलेक्ट्रिक रेडिओ-कंट्रोल मॉडेल विमानावर हात बसवून झालाय, आता बाल्सा लाकडाचा, चाळीस साइजच्या इंजिनासाठीचा हाय-विंग ट्रेनर (पंख वर असलेलं शिकाऊ विमान) बांधून तयार आहे. विंग ६२ इंच, इंजिन-टाकीसकट वजन अडीच किलोच्या आसपास जाईल. समोर दोन इंजिनं आहेत. एक ४६ टू-स्ट्रोक, नवं, बॉल बेअरिंगचं. दुसरं ७० फोर-स्ट्रोक, वापरलेलं, परदेशी निघालेल्या एका गृहस्थांकडचं, आणि किंमत जवळपास तेवढीच. फोर-स्ट्रोकचा आवाज एकदा कानावर पडल्यापासून मन तिकडे ओढतंय. पण जो तो सांगतो की पहिलं इंजिन टू-स्ट्रोकच घे, आणि का म्हणून विचारलं तर 'सोपं असतं' यापलीकडे कुणी जात नाही.

उत्तर आधीच देऊन टाकतो. या विमानाला ४६ टू-स्ट्रोक लावा. ७० जाऊन बघा, आतून धड असेल तर तेही घेऊन ठेवा, पुढच्या विमानासाठी. आता का ते सांगतो, कारण नुसत्या हिशेबाने गेलात तर उत्तर नेमकं उलटं येतं.

आधी मापं. ४६ म्हणजे ०.४६ घन इंच, आपल्या भाषेत साडेसात सीसी. ७० म्हणजे साडेअकरा सीसी. टू-स्ट्रोक दर फेऱ्याला पेटतं, फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा. त्या न्यायाने बरोबरीला यायला फोर-स्ट्रोक दुप्पट सीसीचं लागायला हवं. पण टू-स्ट्रोकमध्ये जळका धूर बाहेर जातानाच नवं मिश्रण आत येतं, आणि त्यातलं थोडं न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातं. व्हॉल्व्हवाल्या इंजिनात भरणा जास्त नीट होतो. म्हणून व्यवहारात दीडपट हा ठोकताळा धरतात: ४० ला ६०, ४६ ला ७०, ६१ ला ९१. आंतरराष्ट्रीय एफ३ए (मॉडेल विमानांच्या कसरतींच्या) स्पर्धेत मात्र एके काळी टू-स्ट्रोकला १० सीसीची आणि फोर-स्ट्रोकला २० सीसीची मर्यादा होती. म्हणजे नियम दुपटीचा आणि खरी गरज दीडपटीची. या फटीतून फोर-स्ट्रोकवाले पुढे गेले. ओएस या जपानी कंपनीचं पहिलं फोर-स्ट्रोक ग्लो (तापलेल्या प्लगवर पेटणारं) इंजिन, एफएस-६०, १९७६ साली आलं, त्यानंतर सायटो आणि वायएस यांनी हा प्रकार पार वरच्या स्पर्धांपर्यंत नेला.

पण घरच्या उडवणाऱ्याने सीसीपासून सुरुवात करूच नये. आधी प्रॉप (पुढचा पंखा) ठरवावा, मग तो फिरवायला इंजिन शोधावं.

तुमच्या ४६ वर साधारण ११×६ चा प्रॉप लागेल, म्हणजे व्यास ११ इंच आणि पिच, म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर, ६ इंच. जमिनीवर उभ्या विमानात तो मिनिटाला १२,५०० च्या आसपास फिरतो. ७० वर १३×६ लावला तर तो ९,५०० च्या आसपास फिरेल. आता पिच गुणिले फेरे करा. पहिल्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर येतो, दुसऱ्याचा ८७. ही विमानाची कमाल गती नव्हे, पण प्रॉपचा स्वभाव यातून कळतो. ओढीचं गणित वेगळं आहे: ती व्यासाच्या चौथ्या घाताने आणि फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. दोन्ही पात्यांचा घाट सारखा धरून आकडे घातले, तर १३ इंची प्रॉप जागेवर बारा-तेरा टक्के जास्त ओढतो, आणि त्याला लागणारी शक्ती चौदाएक टक्क्यांनी कमी असते. जास्त हवा, सावकाश ढकललेली. म्हणूनच जाहिरातीतला हॉर्सपॉवरचा आकडा घेऊन दोन्ही इंजिनांची तुलना करत बसू नका. ४६ चा तो मोठा आकडा १६,००० फेऱ्यांना मोजलेला असतो, आणि त्या फेऱ्यांना तुमचा ट्रेनर कधीच जाणार नाही.

तुमचं हाय-विंग विमान ताशी ६०-७० नेच आरामात फिरतं. त्याला ११४ चा पिच-वेग काय कामाचा? म्हणजे कागदावर ७० जिंकलं. शिवाय ते इंधन कमी पितं, आयडलला दोन हजारांच्या थोडं वर शांत उभं राहतं, आणि कानाला गोड लागतं. पायपर कब, टायगर मॉथ असल्या खऱ्या विमानांच्या स्केल प्रतिकृतींत तर वादच नाही. रुंद काउलपुढे (इंजिनावरच्या झाकणापुढे) ११ इंची प्रॉप लावला तर त्याची निम्मी पाती काउलसमोरच हवा ढवळत राहतात, तिथे १३-१४ इंच लागतातच.

मग तरी ४६ का? पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे नीडल, म्हणजे मिश्रणात इंधन किती जाईल ते ठरवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू.

ग्लो इंजिनाला ना पॉइंट, ना मॅग्नेटो. प्लगमधली प्लॅटिनमची तार बॅटरीने एकदा लाल झाली, की पुढे मिथेनॉलच्या वाफेशी होणाऱ्या क्रियेने ती स्वतःच तापत राहते. पेटण्याची वेळ ठरते ती मिश्रण, दाब आणि प्लगची उष्णता यांच्या मेळावर. तुमच्या हातात त्यातलं उडताना काहीच नसतं, जमिनीवर फक्त नीडल असते. ती ऐकून लावता आली पाहिजे, आणि हा कान टू-स्ट्रोकवरच तयार होतो. कसा ते सांगतो.

इंजिन चालू झालं, थ्रॉटल पूर्ण उघडला. तुम्ही प्रॉपच्या मागे उभे आहात, समोर किंवा बाजूला नाही, आणि विमान कुणीतरी शेपटाकडून घट्ट धरलंय. नीडल दोन-अडीच फेरे उघडी, म्हणजे मिश्रण भरपूर रिच, इंधन जास्त. इंजिन बुडबुडल्यासारखं, तुटक चालतं, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराची जाड रेघ निघते. ते टू-स्ट्रोक असूनही या वेळी एक फेरा सोडून एक पेटत असतं, याला फोर-सायकलिंग म्हणतात. आता नीडल एकेक टिचकीने आत घ्या. मध्येच एक क्षण असा येतो की बुडबुड तुटते, पुन्हा येते, पुन्हा तुटते, आणि मग आवाज एकदम वरच्या पट्टीत जाऊन सलग होतो. हा बदल इतका ठसठशीत असतो की पहिल्याच दिवशी ऐकू येतो. त्यानंतर इंधनाची नळी चिमटीत एक क्षण दाबून सोडायची. फेरे किंचित वाढून मग पडायला लागले तर अजून रिच आहे, ठीक आहे. दाबताक्षणी सरळ पडले तर आधीच लीन (इंधन कमी) आहे, नीडल बाहेर घ्या. शेवटी विमानाचं नाक आभाळाकडे करून दहा सेकंद धरा. आवाज जरासा चढला तर चालेल, बसता कामा नये.

एनसीसीच्या एअर विंगमध्ये ज्यांनी कंट्रोल-लाइन (हातातल्या तारांवर गोल फिरणारी) विमानं उडवली असतील त्यांना हा आवाज वेगळा सांगायला नको. तिथे इंजिन मुद्दाम या काठावरच लावतात: सपाट उडताना बुडबुडतं, नाक वर केलं की सलग होऊन जोर धरतं, खाली आलं की पुन्हा बुडबुडतं. थ्रॉटलच नाही, सगळी करामत नीडलची.

फोर-स्ट्रोकला असा काठ नसतो. रिचकडून लीनकडे जाताना फेरे गुपचूप वाढतात, आवाजाचा पोत फारसा बदलत नाही, सगळं छानच वाटत राहतं. आणि मग एका टिचकीत ते जास्त लीन होतं, मिश्रण वेळेआधी पेटतं, इंजिन उलटा झटका देतं आणि प्रॉपचं नट ढिलं होतं. पूर्ण थ्रॉटलला सुटलेला १३ इंची प्रॉप कुठे जाईल हे कुणाच्या हातात नसतं. म्हणून फोर-स्ट्रोकला दोन गोष्टी सक्तीच्या समजा: मुख्य नटावर दुसरं लॉक नट, आणि टॅकोमीटर. फेरे जास्तीत जास्त कुठे जातात ते मोजायचं आणि तिथून तीन-चारशे कमी होईपर्यंत नीडल उघडायची. कानावर विसंबायचं नाही. सुरू करतानाही बोटाने झटका देऊ नका, रबर चढवलेली काठी किंवा इलेक्ट्रिक स्टार्टर घ्या. तसं हे टू-स्ट्रोकलाही लागू आहे. पण तिथे उलटा फटका बसला तर बोट सुजतं, इथे टाके पडतात.

दुसरं कारण माती. आपल्याकडे गवताची, रोलर फिरवलेली धावपट्टी कितीजणांच्या नशिबी? सासवडकडे जा नाहीतर मुळशीकडे, मिळतो तो मुरमाड माळ, तोही शेतमालकाला विचारून. नवशिक्याचं विमान उतरताना नाकावर जातंच. ११ इंची प्रॉपला जमिनीपासून जेवढी मोकळीक असते त्यातला एक इंच १३ इंची प्रॉप खाऊन टाकतो. तुमच्या ट्रेनरचे पाय चाळीस टू-स्ट्रोकच्या हिशेबाने दिलेले आहेत, तेव्हा फोर-स्ट्रोक लावायचं तर पाय उंच करावे लागतील किंवा मोठी चाकं घालावी लागतील. नाहीतर दर रविवारी एक प्रॉप.

ग्लो इंजिनाला एअर फिल्टर नसतो, हेही लक्षात घ्या. टू-स्ट्रोकमध्ये धूळ कार्ब्युरेटरमधून आधी क्रँककेसमध्ये शिरते आणि बेअरिंगवरून मग वर जाते, म्हणजे पहिली झळ बेअरिंगला. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो लिहून नाना पेठेत गेलात तर त्याच मापाचं मिळून जातं, फक्त आतली जाळी प्लॅस्टिकची नको आणि सैलपणा सी-३ (नेहमीपेक्षा थोडा जास्त) सांगा. फोर-स्ट्रोकमध्ये तीच धूळ थेट सिलेंडरमध्ये जाऊन रिंग आणि व्हॉल्व्हची बैठक घासते. ते सुटे भाग पेठेत मिळत नाहीत. बाहेरून मागवायचे, कस्टम भरायचं आणि वाट बघायची. माझ्या मते पुण्यातल्या उडवणाऱ्याला खरा फरक इथे पडतो, इंजिनाच्या किमतीत तितका पडत नाही.

आता इंधन. यावर जरा थांबतो, कारण पुण्यात ग्लो उडवायचं की नाही हा निर्णयच पुष्कळदा यावर होतो.

साधं इंधन म्हणजे ८० भाग मिथेनॉल आणि २० भाग एरंडेल. हवं असेल तर ५ ते १५ टक्के नायट्रोमिथेन, त्या प्रमाणात मिथेनॉल कमी. मिथेनॉल हे विष आहे, हे शब्दशः घ्या. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलनेच. त्याच्या खरेदी-विक्रीवर विषारी पदार्थ म्हणून नियंत्रण आहे, त्यामुळे रविवार पेठेत जाऊन दोन लिटर द्या म्हणण्यासारखं ते नाही. परवानाधारक विक्रेत्याकडूनच, कागदपत्रं देऊन घ्या, किंवा हॉबीच्या दुकानातून तयार इंधन घ्या. घरात पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, कातडीतूनही ते अंगात जातं. भरताना हातमोजे घाला आणि इंधन भरण्याची जागा बसण्याच्या जागेपासून लांब ठेवा.

४६ टू-स्ट्रोक नायट्रोशिवाय, नुसत्या ८०-२० वर खुशाल चालतं. फोर-स्ट्रोकही चालतं, पण आयडलला कुरकुरतं. दोन पेटण्यांमध्ये दोन फेऱ्यांचं अंतर असल्याने प्लगला थंड व्हायला वेळ मिळतो. त्याला दहाएक टक्के नायट्रो आणि फोर-स्ट्रोकसाठीचाच प्लग (ओएसचा एफ किंवा त्या जातीचा) दिला की सुधारतं. पण नायट्रो आपल्याकडे दुर्मीळ आणि महाग.

तेलाच्या बाबतीत एक गैरसमज हटकून होतो. चेतक किंवा लुना चालवलेल्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलंय की टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं आणि फोर-स्ट्रोकला नाही, त्याचं ऑइल खाली वेगळं असतं. मॉडेलच्या फोर-स्ट्रोकमध्ये ऑइलची टाकी नसते. इंधनातलंच तेल रिंगमधून निसटून क्रँककेसमध्ये उतरतं आणि तेवढ्यावर बेअरिंग, कॅम, टॅपेट सगळं भागतं. म्हणून तेल १८ ते २० टक्के हवंच. आणि क्रँककेसला खाली एक छोटं नळकांडं असतं, त्यातून काळपट तेल गळत राहतं. ते गळायलाच हवं. त्याला नळी लावून विमानाबाहेर काढा, पण 'लीक होतंय' म्हणून बूच मारू नका. असं बूच मारलेली इंजिनं माझ्याकडे दुरुस्तीला येतात.

एरंडेल की सिंथेटिक? टू-स्ट्रोकला, त्यातही बुशवाल्या (बॉल बेअरिंग नसलेल्या) इंजिनाला, निम्मं तरी एरंडेल असावं. इंजिन चुकून लीन झालं तरी एरंडेल धातूवर टिकून राहतं, सिंथेटिक जळून जातं. फोर-स्ट्रोकला उलट: एरंडेल फार झालं की व्हॉल्व्हवर राळ चढते, तिथे बहुतांश सिंथेटिक आणि चवीपुरतं एरंडेल.

टॅपेट हा फोर-स्ट्रोकचा वेगळा संसार. तो अवघड अजिबात नाही, फक्त वेळेवर व्हावा लागतो. इंजिन पूर्ण थंड असताना वरचं झाकण काढायचं, प्रॉप फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा. दोन्ही पुशरॉड या वेळी मोकळे हलले पाहिजेत. एकजण जरी ताठ असला तर तुम्ही चुकीच्या फेऱ्यावर आहात, आणखी एक फेरा फिरवा. मग रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये फीलर गेज घालायचा. ओएससारख्या इंजिनांना ०.०४ ते ०.१० मिलिमीटर सांगितलेलं असतं. पातळ पत्ती सरकली पाहिजे, जाड शिरता कामा नये. लॉक नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो आणि गॅप बिघडतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा एकदा पत्ती घालून बघायची. मोटारसायकलचे टॅपेट स्वतः लावणाऱ्याला यात नवीन काही नाही, फक्त सगळं नखाएवढं. नव्या इंजिनाचे पहिल्या तासाभराच्या चालण्यानंतर एकदा, पुढे अधूनमधून.

पुण्याच्या हवेबद्दल कुणी बोलत नाही म्हणून दोन ओळी. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहोत, म्हणजे किनाऱ्यापेक्षा हवा पाच-सहा टक्के विरळ. त्यात थंडीतल्या सकाळी बारा अंश आणि मेच्या दुपारी चाळीस अंश, एवढ्यानेच घनतेत आणखी नऊएक टक्क्यांचा फरक पडतो. हवा विरळ झाली की तेवढ्याच नीडलवर मिश्रण रिच होतं. म्हणून जानेवारीत सकाळी लावलेली नीडल मेमध्ये थोडी आत घ्यावी लागते, आणि मेमधली नीडल तशीच ठेवून थंडीत पहाटे उडवलंत तर इंजिन लीन होऊन हवेत बंद पडतं. हे दोन्ही प्रकारांना लागू आहे, पण टू-स्ट्रोक बिघाड ओरडून सांगतं, फोर-स्ट्रोक सांगत नाही. परदेशी माहितीपुस्तकातला प्रॉप आपल्याकडे थोडा मोठाही चालून जातो, कारण विरळ हवेत तो हलका पडतो. इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात उतरते, तेव्हा यात फायदा काही नाही.

रन-इनचं, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला चालवून रुळवण्याचं, काम दोघांचं वेगळं आहे. नवं ४६ बहुधा एबीसी किंवा एबीएन जातीचं असेल, म्हणजे पितळी सिलेंडरवर क्रोम किंवा निकेल आणि आत बिनरिंगचा पिस्टन. सिलेंडर वर निमुळता असतो, थंड असताना पिस्टन वरच्या टोकाला चिमटल्यासारखा अडकतो. तो दोष नाही, घासून सैल करू नका. हे इंजिन फार रिच आणि थंड चालवत बसलात तर ते चिमटलेल्या अवस्थेतच झिजतं. थोडंसं रिच ठेवून, गरम होऊ देऊन, थोडा थोडा वेळ चालवा. रिंगवाल्या फोर-स्ट्रोकला मात्र पहिल्या काही टाक्या चांगलं रिच, कमी फेऱ्यांवर.

आवाजाचं तुमचं म्हणणं खरं आहे. ४६ टू-स्ट्रोक १२,५०० ला सेकंदाला दोनशेच्या वर स्फोट करतं, ७० फोर-स्ट्रोक ९,५०० ला ऐंशीच्या आत. शिवाय लहान प्रॉपची टोकं जास्त वेगाने हवा कापतात. डेसिबल जवळपास सारखे असले तरी ती वरची किंचाळी माळाच्या पलीकडच्या वस्तीला टोचते, खालचा घोगरा आवाज तितका टोचत नाही. एकच माळ वर्षानुवर्षं टिकवायचा असेल तर हा मुद्दा लहान नाही. पण ४६ वर ११×६ ऐवजी १२×४ लावून बघा. फेरे उतरतात, किंचाळी उतरते, ओढ टिकते, विमान सावकाश उडतं. ट्रेनरला फार छान जमतं हे, आणि तुमचा आवाजाचा प्रश्न निम्मा सुटतो. अर्थात पायांची उंची आधी मोजा.

जागेचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, हडपसरला ग्लायडिंग सेंटर, खडकवासल्याला एनडीए. शहराच्या आसपासचा बराच पट्टा मनाईत किंवा परवानगीच्या क्षेत्रात येतो. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोच्या आतलं, छंदासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं मॉडेल विमानही मोजलेलं आहे. माळ ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून तो लाल आहे, पिवळा की हिरवा, एवढं बघाच.

इलेक्ट्रिकच का ठेवू नये, असं कुणीतरी तुम्हाला म्हणेलच. मिथेनॉल नियमित मिळत नसेल तर माझंही तेच म्हणणं आहे. आठवड्याआड इंधनासाठी वणवण करणाऱ्याचं उडवणं कमी होतं. पेट्रोल इंजिनाचा विचार १५-२० सीसीच्या खाली करू नका. अडीच किलोच्या विमानाला ते जड पडतं. पुढे कधी गेलातच, तर आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं, कार्ब्युरेटरच्या पडद्यालाही त्रास देतं, म्हणून टाकीत आणि इंजिनात पेट्रोल उभं ठेवायचं नाही. ग्लोची सिलिकॉन नळी पेट्रोलला चालत नाही, फुगते. टाकीचं रबरी बूचही पेट्रोलचं वेगळं येतं.

दिवस संपल्यावरचं काम मात्र कुठल्याही ग्लो इंजिनाला चुकवू नका. मिथेनॉल हवेतली ओल ओढतं, नायट्रो असेल तर आम्ल तयार होतं, आणि जूनमध्ये पेटीत बंद केलेलं इंजिन ऑक्टोबरमध्ये गंजून बाहेर येतं. शेवटच्या उड्डाणानंतर इंधनाची नळी काढून इंजिन कोरडं होईपर्यंत चालवा, प्लग तापवून एक-दोनदा पुन्हा पेटवा, मग कार्ब्युरेटरमध्ये पातळ मशीन ऑइल किंवा एटीएफचे (ऑटोमॅटिक गिअरच्या तेलाचे) थेंब टाकून हाताने फिरवा. फोर-स्ट्रोकला एवढ्यावर भागत नाही. खालच्या नळकांड्यातूनही तेल सोडून इंजिन उलटसुलट करून फिरवावं लागतं, कारण त्याचे बेअरिंग आणि कॅम इंधनाच्या वाटेवर नसतात. पावसाळ्यात सगळ्यात आधी गंजतात तेच.

आता त्या गृहस्थांकडचं ७० बघायला जाल तेव्हा याचाच उपयोग करा. प्लग काढून प्रॉप सावकाश फिरवा. कुठे खरखर लागली तर बेअरिंग गेलेत, तो खर्च किमतीतून वजा करायला सांगा. प्लग पुन्हा लावून कॉम्प्रेशन बघा. टू-स्ट्रोकसारखा करकचून अडणार नाही, पण वरच्या टोकाला उसळी मारून परत आला पाहिजे, आणि हे चार-पाच फेऱ्यांत दर दुसऱ्या फेऱ्याला सारखंच व्हायला हवं. उसळीच नसेल तर व्हॉल्व्ह बसत नाही किंवा राळेने चिकटलाय. राळ विरघळवता येते, खाल्लेली बैठक नाही. झाकण काढून रॉकर बघा, मग शक्य असेल तर कॅमचं कव्हर उघडायला सांगा. कॅमच्या उंचवट्यावर तांबूस खड्डे दिसले तर इंजिन घेऊ नका, किती का स्वस्त असेना. नुसतं काळपट, तेलकट असेल तर हरकत नाही. सायलेन्सर आणि त्याचा आटे असलेला पाइप सोबत आहे का ते विचारा, तो हरवलेला असेल तर वेगळा मिळवणं जिकिरीचं जातं. शेवटी ते चालवून दाखवायला सांगा, आणि त्या वेळी प्रॉपच्या रेषेत उभे राहू नका.